भाड्याचा जिना: प्रवासाच्या किमतींसाठी एकदिश रिग्रेशन, पायरीपायरीने

विमानाच्या तिकिटांचे भाव रोज टिपून ठेवले आणि निघायला किती दिवस उरलेत त्यासमोर ते मांडले, की कागदावर ठिपक्यांचा एक थवा दिसतो. प्रस्थानाचा दिवस जवळ येतो तसा तो साधारण वर चढतो, पण मधेच खाली येतो, एखाद्या जागी पसरतो, शेवटच्या दोन-तीन दिवसांत उसळी घेतो. नवखा अभ्यासक इथे दोनांपैकी एक वाट धरतो. एक तर तो सरळ रेघ ओढतो, आणि महिनाभर आधीचा एक दिवस व आदल्या रात्रीचा एक दिवस यांना सारखेच वजन देऊन बसतो. नाहीतर ठिपक्यांमागे धावणारी नागमोडी रेघ काढतो. ती तेविसाव्या दिवशी उगाच खाली जाते आणि मग तो बिचारा त्या खळग्याचे कारण शोधत राहतो.

या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. रेघेच्या आकाराबद्दल काहीही गृहीत धरायचे नाही. फक्त एवढेच म्हणायचे की ती एकाच दिशेने जाईल. चढेल किंवा सपाट राहील, पण मागे वळून उतरणार नाही. रिग्रेशन म्हणजे ठिपक्यांमधून त्यांचे नाते दाखवणारी रेघ बसवणे; म्हणून याला एकदिश रिग्रेशन म्हणू या. सॉफ्टवेअरमध्ये ते आयसोटॉनिक रिग्रेशन या नावाने सापडते. सूत्र आधी ठरवलेले नसते, म्हणून ही पद्धत नॉन-पॅरामेट्रिक. मला तिची सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की तिला फिरवायची किल्लीच नाही. इतर मोकळ्या पद्धतींत रेघ किती गुळगुळीत ठेवायची हे अभ्यासकाला ठरवावे लागते आणि तिथेच मनासारखे उत्तर काढण्याचा मोह होतो. इथे दिशा दिली की उत्तर एकच.

पद्धत जुनी आहे. १९५५ साली मिरियम आयर, ब्रंक आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ती मांडली. त्याच सुमारास कॉन्स्टन्स व्हॅन ईडन नेदरलँड्समध्ये क्रमाच्या अटींखालच्या अंदाजांवर स्वतंत्रपणे काम करत होत्या. तेव्हा डोळ्यांसमोर वेगळे प्रश्न होते, पण भाड्यांच्या डेटावर ही रीत अगदी मापात बसते. ती कशी वापरायची आणि कुठे वापरायची नाही, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: दिशा कुठून आली ते लिहून ठेवा

संगणक उघडण्याआधी एका वाक्यात लिहा: अमुक वाढले की भाडे वाढते, कारण अमुक. कारण लिहिता आले नाही तर ही पद्धत लावू नका. असे ठामपणे सांगतो, कारण एकदिश रिग्रेशन कुठल्याही डेटातून एकदिश रेघच काढून देते. उताराचा डेटा चढाच्या अटीखाली घातला तर ते मुकाट्याने सपाट रेघ देईल. ‘भाडे चढतच जाते हे माझ्या आलेखाने सिद्ध झाले’ असे म्हणणारे लेखन मी पाहिले आहे. तो आलेख तसे सिद्ध करूच शकत नाही. ते त्याच्यात आधीच घातलेले आहे.

तीन उदाहरणे घेतो, कारण प्रत्येकात दिशेचा आधार वेगवेगळ्या ताकदीचा आहे.

अंतर. बाकी सगळे सारखे असता जास्त अंतराला जास्त भाडे, हे जवळजवळ निर्धोक आहे. इंधन, कर्मचाऱ्यांचे तास, वाहनाचा वापर, सगळेच वाढते. शिवाय दुसरेही एक विधान खरे असते: दर किलोमीटरचे भाडे अंतराबरोबर उतरते. उड्डाण, उतरणे, सामान चढवणे, स्थानकाचा खर्च, हे प्रत्येक प्रवासाला एकदाच लागतात आणि लांबच्या प्रवासात ते जास्त किलोमीटरांवर पसरतात. म्हणजे एकाच डेटावर दोन एकदिश रेघा बसवता येतात, एक चढती आणि एक उतरती. कुठल्या राशीला कुठली दिशा, याचा घोटाळा होऊ देऊ नका.

उरलेल्या जागा. जागा जितक्या कमी तितके भाडे जास्त. यामागे भक्कम सिद्धान्त आहे. १९७२ साली बीओएसी या विमान कंपनीत काम करणाऱ्या लिटलवुड यांनी नियम मांडला, की स्वस्त तिकीट विकावे ते त्याचे पैसे त्या जागेसाठी पुढे महाग गिऱ्हाईक मिळण्याच्या अपेक्षित कमाईपेक्षा कमी नसतील तोवरच. जागा संपत जातात तसा शेवटच्या जागांवरचा हा हिशेब कडक होतो आणि स्वस्त वर्ग बंद होतात.

उरलेले दिवस. इथे सावध राहा. सगळ्यांना वाटते की दिवस कमी झाले की भाडे वाढणारच. पण गॅलेगो आणि व्हॅन रायझिन यांच्या १९९४च्या प्रसिद्ध मॉडेलमध्ये मागणीचे स्वरूप कायम धरले, तर उलटेच निघते: जागा तेवढ्याच असतील तर वेळ सरतो तशी योग्य किंमत खाली येते, आणि प्रत्येक विक्रीसरशी ती वर उडी मारते. विकायला वेळ कमी उरला, तर मालाची किंमत पडते. बाजारातल्या कुठल्याही नाशवंत मालासारखे. मग प्रत्यक्षात भाडी शेवटी चढतात ती का? कारण गिऱ्हाईक बदलते. कामासाठी जाणारा प्रवासी उशिरा ठरवतो आणि जास्त पैसे द्यायला तयार असतो. शिवाय ७, १४, २१ दिवस आधी घेण्याच्या अटी घातलेली स्वस्त तिकिटे त्या त्या मुदतीला बंद होतात. म्हणजे ‘दिवस कमी, भाडे जास्त’ हे विधान सरासरीबद्दलचे आहे आणि ज्या मार्गांवर असे प्रवासी आहेत, अशा मुदती आहेत, तिथलेच आहे. निव्वळ सुट्टीच्या ठिकाणी जाणाऱ्या मार्गावर ते गृहीत धरण्याआधी दहा वेळा विचार करा. खूप आधीचा काळ, म्हणजे कित्येक महिने आधीची भाडीही यातून वगळा. तिथे भाडी अनेकदा आधी उतरून मग चढतात.

एकेका फ्लाइटचे भाडे तर वरखाली होतच राहते. २००३ साली एट्झिओनी आणि सहकाऱ्यांनी ४१ दिवसांत बारा हजारांहून अधिक भाडी टिपून ‘आता घ्यावे की थांबावे’ हा प्रश्न संगणकाला घातला होता. प्रत्येक फ्लाइटचे भाडे फक्त चढत असते, तर थांबण्याचा सल्ला कधीच फायद्याचा ठरला नसता.

आणि कधी कधी दिशाच माहीत नसते. एकाच मार्गावर स्पर्धा वाढली की भाड्यांमधली तफावत वाढते की घटते? बोरेनस्टीन आणि रोझ यांच्या १९९४च्या अभ्यासात ती वाढलेली दिसली; जेरार्डी आणि शपिरो यांनी २००९ साली तेच मार्ग काळाच्या ओघात पाहिले, तर ती घटलेली दिसली. अशा जागी दिशेची अट घालणे म्हणजे वाद सोडवण्याआधीच निकाल लिहिणे.

दुसरी पायरी: सारख्याशी सारखे ताडा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. एकेरी आणि परतीची भाडी एकाच रकान्यात नकोत. करांसह आणि करांविना नको. रद्द करता येणारे तिकीट आणि न येणारे तिकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मी सुरुवातीला हाच फरक सोडून दिला होता. माझ्या आलेखात शेवटच्या आठवड्यात सुंदर चढ दिसत होता आणि मी त्यावर खूश होतो. पण त्या आठवड्यात स्वस्त, रद्द न होणारी तिकिटे संपल्यामुळे डेटात फक्त लवचीक तिकिटे उरली होती. चढ खरा होता, पण तो एकाच वस्तूच्या किमतीचा नव्हता.

त्याहून लपलेला धोका आहे भरलेल्या फ्लाइटचा. जी फ्लाइट पूर्ण भरली तिचे शेवटच्या दिवसाचे भाडे तुम्हाला दिसतच नाही. एक दिवस आधी ज्यांची भाडी दिसतात त्या फ्लाइट बऱ्याचदा कमी मागणीच्या, म्हणून स्वस्त. त्यामुळे ठिपक्यांचा थवा अगदी टोकाला खाली झुकतो. एकदिश रिग्रेशन हा झोक दाबून सपाट करते आणि तुम्हाला काही घडल्याची खबरही लागत नाही. उपाय: प्रत्येक दिवशी किती फ्लाइट अजून विक्रीला आहेत हा आकडा भाड्याशेजारी ठेवा. तो झपाट्याने घसरत असेल, तर शेवटपर्यंत दिसलेल्या फ्लाइटचा एक वेगळा संच करून त्यावरही रेघ बसवा आणि दोन्हींतला फरक पाहा.

सार्वजनिक डेटा वापरणार असाल तर त्यात काय नाही ते आधी वाचा. अमेरिकेचे परिवहन सांख्यिकी ब्यूरो तिकिटांचा दहा टक्के नमुना अनेक वर्षे दर तिमाहीला खुला करत आले आहे. अंतर आणि भाडे यांच्या अभ्यासाला तो उत्तम आहे. पण तिकीट केव्हा घेतले ती तारीख त्यात नसते, म्हणून उरलेल्या दिवसांचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

तिसरी पायरी: एकदा तरी हाताने करा

समजण्यासाठी बनवलेले आठ आकडे घेऊ. प्रस्थानाला ३०, २१, १४, १०, ७, ५, ३ आणि १ दिवस उरले असतानाची सरासरी भाडी, कुठल्यातरी एककात:

४०, ४४, ४२, ५०, ५८, ५५, ५२, ७०

नियम एकच. डावीकडून चालत जा. पुढचा आकडा मागच्यापेक्षा लहान निघाला, की दोघांना एका गटात घाला आणि दोघांच्या जागी सरासरी लिहा. नवी सरासरी मागच्या गटापेक्षा लहान झाली, तर मागच्यालाही त्यात ओढा. उतार संपेपर्यंत हेच.

४० ठीक. ४४ ठीक. ४२ मात्र ४४ पेक्षा लहान, म्हणून दोघांचा गट: ४३. मागचे ४० त्याहून लहानच आहे, म्हणजे मागे जायची गरज नाही. ५० ठीक, ५८ ठीक. ५५ आल्यावर ५८ आणि ५५ एकत्र: ५६.५. मग ५२ येतो, तो ५६.५ पेक्षा लहान, म्हणून तिघे एकत्र: १६५ भागिले ३, म्हणजे ५५. मागचे ५० लहान आहे, थांबा. शेवटचे ७० ठीक. उत्तर:

४०, ४३, ४३, ५०, ५५, ५५, ५५, ७०

बस्स, एवढेच. सर्व न उतरणाऱ्या रेघांमध्ये मूळ आकड्यांपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज हिचीच सर्वांत कमी असते. इथे ती २० येते. दुसरी कुठलीही चढती रेघ घेऊन पडताळून पाहा. या रीतीचे प्रचलित नाव पूल ॲडजसंट व्हायोलेटर्स, म्हणजे क्रम मोडणाऱ्या शेजाऱ्यांना एकत्र करणे. नोंदी एकदा दिवसांच्या क्रमाने लावल्या की ती अतिशय झपाट्याने चालते, लाखो नोंदी असल्या तरी.

हेच डोळ्यांनी पाहायचे तर आकड्यांची चढती बेरीज करा: ४०, ८४, १२६, १७६, २३४, २८९, ३४१, ४११. शून्यापासून सुरू करून, सारख्या अंतरावर, या उंचीवर भिंतीत खिळे ठोका. आता सगळे खिळे वर राहतील असा एक दोरा खालून ताणून धरा. दोरा जिथे खिळ्यांना टेकतो तिथे गट बदलतो, आणि प्रत्येक तुकड्याचा चढ म्हणजे त्या गटाचे उत्तर. दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या खिळ्याला दोरा टेकत नाही. ते वर लोंबकळत राहतात. मला स्वतःला ही पद्धत या चित्रामुळेच कळली, सूत्रांमुळे नाही.

चौथी पायरी: भार

वरची आठ भाडी सरासरी होती, पण किती तिकिटांची? समजा ७ आणि ५ दिवसांना दोन-दोन नोंदी आहेत आणि ३ दिवसांना सहा. मग गटाची सरासरी साधी न काढता भारित काढायची: दोनदा ५८, दोनदा ५५, सहादा ५२, बेरीज ५३८, भागिले १०, म्हणजे ५३.८. ५५ चे ५३.८ झाले. फरक लहान वाटेल, पण आता मागचा आकडा ५० ऐवजी ५४ असता, तर तोही या गटात ओढला गेला असता. भार बदलले की गटच बदलतात, म्हणून नोंदींची संख्या टाकून देऊन फक्त सरासऱ्यांवर काम करू नका.

पाचवी पायरी: सरासरी, मध्यक की लॉगॅरिदम

इथे थोडे रेंगाळतो, कारण ही निवड निकाल बदलते.

भाड्यांची एक शेपटी नेहमी वरच्या बाजूला लांब असते. एका दिवशी ४०, ४२, ४३, ४५ आणि १३० अशी पाच भाडी दिसली, तर सरासरी ६० येते आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे भाडे, ४३. सामान्य प्रवाशाला काय मोजावे लागते हा प्रश्न असेल, तर ४३ हे खरे उत्तर आहे. कंपनीला किती मिळाले हा प्रश्न असेल तर ६०. मध्यकासाठीही तीच शेजारी जोडण्याची रीत चालते. गटात सरासरीऐवजी गटातल्या सर्व नोंदींचा मध्यक लिहायचा.

अर्थशास्त्राचे विद्यार्थी सवयीने भाड्याचा लॉगॅरिदम घेतात. इथे एक बारीक फट आहे. लॉगॅरिदम घेतल्याने सरासऱ्यांचा क्रम उलटू शकतो. एका दिवशी १० आणि ९० अशी दोन भाडी, सरासरी ५०. दुसऱ्या दिवशी ४० आणि ४०, सरासरी ४०. पहिला दिवस महाग. आता लॉगॅरिदमची सरासरी काढून परत आणा: पहिल्या दिवसाचे ३०, दुसऱ्याचे ४०. दुसरा दिवस महाग! म्हणजे ‘भाडे चढते’ आणि ‘भाड्याचा लॉगॅरिदम चढतो’ ही दोन वेगळी गृहीतके आहेत आणि सरासरीच्या बाबतीत एकातून दुसरे निघत नाही. मध्यकाला ही अडचण नाही. चढत्या रूपांतराने मध्यकाचा क्रम बदलत नाही. माझा कल म्हणून भाड्यांच्या बाबतीत मध्यकाकडे असतो, आणि जमल्यास खालच्या व वरच्या चतुर्थकाकडेही (ज्यांच्या खाली अनुक्रमे पाव आणि पाऊण नोंदी येतात ती भाडी). मात्र तिन्ही रेघा वेगवेगळ्या बसवल्यावर त्या एकमेकींना कुठे छेदत नाहीत ना ते पाहा.

सहावी पायरी: अवजार

आर या संगणकीय भाषेत आयसोरेग नावाचे फंक्शन मुळातच असते, पण त्याला भार देता येत नाहीत. भार किंवा मध्यक हवे असतील तर आयसोटोन हे पॅकेज घ्या. पायथन या भाषेत सायकिट-लर्न या पॅकेजचे आयसोटॉनिक रिग्रेशन भार घेते. त्यात दिशा आपोआप ठरवण्याची सोय आहे; ती वापरू नका, दिशा पहिल्या पायरीत तुम्हीच लिहिलेली आहे. आणखी एक: नोंदींच्या मधल्या जागी अंदाज मागितला, तर ते दोन पायऱ्यांमध्ये सरळ रेघ जोडते, नोंदींच्या पलीकडचा मागितला तर मुळात रिकामे उत्तर देते. उतरती रेघ हवी आणि अवजार फक्त चढती देत असेल, तर भाड्याचे चिन्ह उलटवा, रेघ बसवा, पुन्हा उलटवा.

सातवी पायरी: जिना ठेवायचा की घासून गुळगुळीत करायचा

उत्तर जिन्यासारखे येते: सपाट, मग उडी, पुन्हा सपाट. बऱ्याच विषयांत हा दोष मानतात. भाड्यांच्या बाबतीत मी तो गुण मानतो. भाडी खरोखरच पायऱ्यांनी बदलतात. आधी घेण्याची मुदत चौदाव्या दिवशी संपत असेल, तर चौदा आणि तेरा यांच्यामध्ये उडी असते, हळुवार चढ नसतो. गुळगुळीत रेघ ती उडी आसपासच्या आठवडाभरात पसरवून टाकते आणि नियमाचा ठसाच पुसला जातो. एकदिश रिग्रेशन तो जागच्या जागी दाखवते. अनेक मार्गांवर उडी त्याच दिवशी पडत असेल, तर तुम्हाला तिकिटाचा नियम सापडला.

अंतराचे तसे नाही. ८०० आणि ८०१ किलोमीटरमध्ये भिंत नसते, टप्प्याटप्प्याने भाडे ठरवणारी व्यवस्था असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रेघ गुळगुळीत केलेली बरी. त्यासाठी मार्ग अनेक आहेत. पहिला: आधी एकदिश करून मग कर्नेलने, म्हणजे जवळच्या नोंदींना जास्त भार देणाऱ्या सरासरीने, घासायचे किंवा आधी घासून मग एकदिश करायचे. या दोन्ही क्रमांची तुलना मामेन यांनी १९९१ साली केली. रॅमझी यांनी १९८८ साली सुचवलेले आय-स्प्लाइन दुसरा मार्ग आहे: मुळातच चढणारे तुकडे घ्यायचे आणि त्यांना ऋण नसलेले गुणक द्यायचे. तिसरा मार्ग पुनर्रचनेचा: कुठल्याही मोकळ्या रेघेच्या किमती काढायच्या आणि त्या सरळ लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या. खरी रेघ चढती असेल तर या साध्या क्रमवारीने अंदाज कधी बिघडत नाही, हे चेर्नोझुकोव्ह, फर्नांडेझ-व्हाल आणि गॅलिशॉन यांनी २००९ साली दाखवले. नवख्याने आय-स्प्लाइनपासून सुरुवात करावी. तयार पॅकेज मिळतात आणि काय चालले आहे ते कळते.

आठवी पायरी: टोके आणि खात्रीचा पट्टा

सगळ्यांना उत्सुकता शेवटच्या दिवसाची असते आणि ही पद्धत तिथेच सर्वांत दुबळी आहे. शेवटच्या बिंदूचा अंदाज शेवटच्या नोंदीपेक्षा कधीही कमी येऊ शकत नाही. आमच्या उदाहरणात ७० चे ७० राहिले, कारण त्याच्या पुढे त्याला खाली ओढणारे कुणी नाही. तो ७० एखाद्या विचित्र तिकिटामुळे आला असेल, तरी तो तसाच राहतो. सुरुवातीला हेच उलट्या बाजूने होते. म्हणून टोकाच्या एकेकट्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. शेवटच्या दिवसावर भरपूर फ्लाइट नसतील, तर शेवटचे दोन-तीन दिवस एकाच कप्प्यात घाला.

खात्रीचा पट्टा म्हणजे खरी रेघ ज्या हद्दीत असावी ती हद्द; त्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नेहमीच्या रिग्रेशनमध्ये चूक निम्मी करायला चौपट डेटा लागतो. चल राशी सलग असेल, जसे अंतर, आणि रेघ खरोखर चढत असेल, तर इथे आठपट लागतो. आकाराबद्दल काही न बोलण्याची ही किंमत आहे. अशा ठिकाणी नेहमीचा बूटस्ट्रॅपही चुकतो. नमुन्यातून तेवढ्याच आकाराचे नमुने पुन्हा पुन्हा काढून जो पट्टा येतो, तो विश्वासाचा नाही; हे सिद्ध झालेले आहे. मूळ नमुन्यापेक्षा बरेच लहान नमुने काढायचे, किंवा बॅनर्जी आणि वेलनर यांची २००१ची लाइकलिहुड गुणोत्तराची (दोन गृहीतकांखाली हाच डेटा मिळण्याची शक्यता ताडणारी) रीत वापरायची, हे दोन चांगले पर्याय.

दिवसांच्या बाबतीत परिस्थिती बरी असते. उरलेले दिवस हा पूर्णांक आहे, त्यामुळे प्रत्येक दिवशी शेकडो फ्लाइट असतील तर दर दिवसाची सरासरी आधीच पक्की असते आणि एकदिश अट फक्त उरलेसुरले खाचखळगे बुजवते. टोकाचा त्रासही कमी होतो. पण एकच फ्लाइट तीस दिवस टिपली, तर त्या तीस नोंदी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत, तीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. पुनर्नमुने काढताना पूर्ण फ्लाइट उचला, सुट्या नोंदी नाही. हे विसरल्यामुळे खोटा अरुंद पट्टा छापला जातो, आणि ही चूक मला सगळ्यांत जास्त वेळा दिसते.

नववी पायरी: एकाहून जास्त कारणे

दिवस आणि जागा दोन्ही एकदम घ्यायचे म्हटले, की क्रम अर्धवट होतो. कमी दिवस आणि कमी जागा असलेली फ्लाइट नक्की महाग. पण एकीचे दिवस कमी आणि दुसरीच्या जागा कमी, तर कोण महाग हे अट सांगत नाही. अशा जोड्या भरपूर असतात, मग अट सैल पडते आणि रेघ डेटाच्या मागे धावू लागते. सोपा उपाय बॅकेटी यांनी १९८९ साली मांडला: दोन एकदिश रेघांची बेरीज. एक बसवा, उरलेल्या फरकावर दुसरी बसवा, पुन्हा पहिली, स्थिर होईपर्यंत. मार्ग, वार, हंगाम यांचे परिणाम साध्या गुणकांनी आधी वजा करता येतात. कारणे दहा-पंधरा असतील, तर एक्सजीबूस्ट किंवा लाइटजीबीएम या, अनेक निर्णयवृक्ष जोडून अंदाज करणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये निवडक कारणांवर दिशेची अट घालता येते. अंदाज चांगला येतो, पण कुठल्या दिवशी उडी पडली हे स्पष्ट वाचता येत नाही. नियम शोधायचा असेल, तर मी साध्या बेरजेवरच राहतो.

दहावी पायरी: अट मोडते का ते पाहा

अट न घातलेली गुळगुळीत रेघ आणि एकदिश रेघ एकाच आलेखावर काढा. औपचारिक चाचणी हवी असेल, तर बोमन, जोन्स आणि गिबेल्स यांची १९९८ची रीत समजायला सोपी आहे: मोकळी रेघ एकदिश होण्यासाठी तिला किती घासावे लागते ते मोजायचे. फार घासावे लागले, तर शंका घ्या.

आणि प्रत्येक सपाट गटाच्या आत डोकावा. आमच्या ५५ च्या गटात मूळ आकडे ५८, ५५, ५२ होते. उत्तरापासूनचे फरक अधिक ३, शून्य, उणे ३. एक सरळ उतार. आता हे जपून वाचायला हवे. जोडून तयार झालेला प्रत्येक गट थोडाफार असाच झुकलेला असतो, कारण उतार होता म्हणूनच तो जोडला गेला. म्हणून झोक आहे का, असे विचारायचे नाही. झोक त्या दिवसांच्या नोंदींच्या नेहमीच्या चढउतारापेक्षा मोठा आहे का, ते विचारायचे. प्रत्येक दिवशीच्या भाड्यांत दहा-दहा एककांचा फरक असेल आणि नोंदी दोन-तीनच असतील, तर हा तीनचा झोक काहीच नाही. शेकडो नोंदींच्या सरासरीत तो दिसत असेल, तर ७ ते ३ दिवसांच्या दरम्यान भाडी खरोखर उतरत आहेत. मग आलेख छापताना त्या गटातल्या तिन्ही जागी मूळ सरासऱ्याही ठिपक्यांनी दाखवा, शेजारी नोंदींची संख्या लिहा, आणि त्या दिवसांत किती फ्लाइट भरून डेटातून गेल्या ते पाहायला दुसऱ्या पायरीतला तक्ता पुन्हा उघडा.